लिफ्टचा धोका दोरापेक्षा दारात जास्त

‘लिफ्ट कोसळली’ अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास एक प्रश्न येतो: आपल्या लिफ्टचे दोर शेवटचे कधी बदलले? प्रश्न विचारायलाच हवा. पण राहत्या इमारतीत लिफ्टमुळे माणसं जखमी होतात किंवा जीव गमावतात, तेव्हा बहुतेक वेळा दोर शाबूत असतात. घोळ दाराशी झालेला असतो. लिफ्ट समोर नसताना दार उघडलं गेलं, दार पुरतं लागायच्या आत लिफ्ट सुटली, किंवा दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या केबिनमधून कुणी खाली उतरायला गेलं.

आणि ज्यांना लिफ्टची सगळ्यात जास्त गरज असते, त्यांचीही वाट याच दाराशी अडते. व्हीलचेअर आत जात नाही, वॉकर घेऊन चालणाऱ्या आजी उंबऱ्याशी अडखळतात, दृष्टिहीन माणसाला कितवा मजला आला ते कळत नाही. लिफ्टची सुरक्षितता आणि सुगम्यता (कुणाच्याही मदतीशिवाय, कुणालाही वापरता येणं) हे दोन वेगळे विषय आहेत असं समजून आपण पहिल्यावर थोडा खर्च करतो आणि दुसरा सोडून देतो. नियम नीट वाचले तर दोन्हींचा बराचसा भाग एकच आहे.

## दोर तुटला तर काय होतं?

आपल्याकडच्या नेहमीच्या लिफ्टमध्ये केबिन एका दोरावर लटकत नाही. तीन, चार किंवा त्याहून जास्त पोलादी दोर असतात. त्यांच्यावर जास्तीत जास्त जेवढा भार येणार, त्याच्या बारा पट ताण सोसेल इतकी त्यांची ताकद ठेवतात. एक दोर गेला तरी उरलेले केबिन सहज पेलतात.

या दोरांच्या एका टोकाला केबिन आणि दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे वजनी ठोकळ्यांची चौकट असते. वाण्याच्या तराजूसारखाच हा प्रकार आहे. काउंटरवेटचं वजन रिकाम्या केबिनपेक्षा जास्त ठेवतात. रिकामी केबिन अधिक पूर्ण भाराच्या साधारण निम्मं. त्यामुळे मोटरला सगळं वजन ओढावं लागत नाही, दोन पारड्यांतला फरक तेवढा उचलायचा असतो. याचा एक परिणाम फार थोड्यांना माहीत असतो. ब्रेक निकामी झाला आणि केबिनमध्ये एखादंच माणूस असलं, तर जड पारडं काउंटरवेटचं ठरतं आणि लिफ्ट खाली न जाता वर सुटते. नव्या लिफ्टमध्ये वरच्या दिशेने सुटलेली केबिन अडवण्याची सोय असते. बऱ्याच जुन्या लिफ्टमध्ये ती नसते. लिफ्टचं नूतनीकरण करायचं झाल्यास हा मुद्दा यादीत वरती असला पाहिजे.

ब्रेकची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. वीज असते तेव्हा ब्रेक सुटलेला असतो, आणि वीज गेली की स्प्रिंग त्याला आवळते. म्हणून वीज गेल्यावर लिफ्ट जागच्या जागी थांबते, पडत नाही. त्याखेरीज केबिनचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर गव्हर्नर नावाचं चाक ते ओळखतं आणि केबिनखालचे जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट पकडतात. हे यांत्रिक आहे, त्याला वीज लागत नाही. यानंतरही काही चुकलंच, तर लिफ्टच्या खड्ड्यात आदळण्याचा धक्का झेलणारे बफर असतात. सुरक्षित लिफ्टचे जनक एलिशा ओटिस यांनी न्यूयॉर्कमध्ये भर प्रदर्शनात, लिफ्टच्या फलाटावर स्वतः उभं राहून, तिचा दोर कापायला लावला होता. फलाट थोडासा घसरून थांबला. त्या गोष्टीला पावणेदोनशे वर्षं होत आली आणि तत्त्व आजही तेच आहे.

बांधकामावरची लिफ्ट ही मात्र वेगळी गोष्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यात बाळकुमजवळ एका चाळीस मजली इमारतीच्या बांधकामावर लिफ्ट कोसळून सात कामगार मेले. ती लिफ्ट तात्पुरती उभी केलेली, सिमेंट-धुळीत दिवसभर राबणारी असते. तिथल्या सुरक्षेसाठी बांधकाम कामगारांचा १९९६ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याची अंमलबजावणी आपल्याकडे अतिशय ढिली आहे. आपल्या घरची लिफ्ट सुरक्षित आहे म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडावा आणि ती इमारत बांधणाऱ्यांच्या लिफ्टकडे पाहूही नये, हे बरं नाही.

## मग अपघात दाराशी का होतात?

लिफ्टला दोन दारं असतात. एक केबिनचं, जे केबिनबरोबर फिरतं, आणि दुसरं प्रत्येक मजल्यावरचं. सुरक्षेचा सगळा डोलारा दोन अटींवर उभा आहे. केबिन समोर आल्याशिवाय मजल्याचं दार उघडता कामा नये. आणि सगळ्या मजल्यांची दारं लागून त्यांची कुलपं बसल्याशिवाय केबिन हलता कामा नये. हे काम दाराच्या वरच्या बाजूला बसवलेलं इंटरलॉक करतं. त्यात यांत्रिक खिटी असते आणि विजेचा संपर्कही. सगळ्या मजल्यांचे संपर्क एकाच सर्किटमध्ये ओळीने जोडलेले असतात, म्हणून सातव्या मजल्याचं दार अर्धवट राहिलं तर तळमजल्यावरची लिफ्टही हलत नाही.

नेमकं याचंच लोकांना वैतागायला होतं. कुणीतरी दार ढकलून जातं, लिफ्ट अडकते, सेक्रेटरीला फोनवर फोन येतात. मेकॅनिक येतो, दोष पटकन सापडत नाही, खाली रहिवासी ताटकळलेले असतात. अशा वेळी वायरचा एक तुकडा लावून तो संपर्क ‘जंप’ केला जातो. लिफ्ट चालू होते, सगळे खूश. पण आता त्या मजल्याचं दार उघडं असलं तरी लिफ्टला ते कळत नाही. तपासणीसाठी तंत्रज्ञाला हे काही मिनिटं करावं लागतं, ते ठीक. तो तुकडा काढायचा राहून गेला, तर ती लिफ्ट कुणाचा तरी जीव घेईल. ‘लिफ्ट चालू झाली का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘दोष काय होता, कोणता भाग बदलला, आणि सगळी इंटरलॉक चालू आहेत ना?’ हे विचारा आणि लॉगबुकात लिहून घ्या.

दुसरी गोष्ट त्रिकोणी चावीची. मजल्याच्या दाराच्या वरच्या भागात बोटाएवढं गोल भोक असतं, आत त्रिकोणी खुंटी. त्या चावीने दार बाहेरून उघडता येतं, केबिन असो वा नसो. ती अडकलेल्यांच्या सुटकेसाठी, प्रशिक्षित माणसासाठी आहे. अनेक इमारतींत ती वॉचमनच्या जुडग्यात पंपाच्या खोलीच्या चावीशेजारी असते. गडबडीत, अंधारात दार उघडून ‘लिफ्ट असेलच’ म्हणून पाऊल टाकलं की समोर पोकळी. ही चावी कुलूपबंद ठेवायची, घेणाऱ्याची सही व्हायला हवी, आणि दार उघडल्यावर आधी केबिन आहे का ते पाहायचं. रात्रीच्या वॉचमनला हे त्याच्या भाषेत समजावून सांगणं ही सोसायटीची जबाबदारी आहे.

जुन्या लिफ्टमध्ये केबिनला जाळीचं सरकतं दार आणि मजल्याला ओढून उघडायचं दार असतं. या दोन दारांमध्ये काही इंचांची जागा उरते. मोठ्या माणसाला ती जाणवतही नाही, पण लहान मूल त्या फटीत उभं राहू शकतं, दोन्ही दारं लागू शकतात आणि लिफ्ट सुटू शकते. जाळीतून हात बाहेर काढायची मुलांना सवय असतेच. अशा लिफ्टमध्ये मुलांना एकटं सोडू नका, आणि दारं बदलण्याचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेची वाट न बघता मांडा. केबिनला आरसा आणि स्टीलची नक्षी बसवण्याआधी हा खर्च व्हायला हवा.

## नियम नेमके कुणाचे?

लिफ्टवर एकाच कार्यालयाचा ताबा नसतो, म्हणून गोंधळ होतो. ढोबळमानाने तीन दारं ठोठवावी लागतात.

लिफ्ट कुठे हवी, किती हव्यात, किती मोठ्या, हे महापालिका किंवा नगरपालिका बांधकाम परवानगी देताना ठरवते. मुंबईला त्यासाठी स्वतंत्र नियमावली आहे. राज्याच्या बहुतेक उरलेल्या भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, जिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात.

लिफ्ट यंत्र म्हणून सुरक्षित आहे की नाही, हे राज्य शासनाचा लिफ्ट निरीक्षक पाहतो. सरकारी कागदांवर लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात. मुंबई प्रांताने लिफ्टसाठी १९३९ सालीच कायदा केला होता. त्याची जागा २०१७ च्या महाराष्ट्र कायद्याने घेतली, त्यात सरकते जिने आणि सरकते पथही आले. गाभा तोच आहे: लिफ्ट उभारण्याआधी परवानगी, चालवण्याआधी लायसन्स, त्यानंतर तपासणी, आणि धोकादायक वाटली तर ती बंद करायला लावण्याचा निरीक्षकाला अधिकार. उत्तर प्रदेशात असा कायदा २०२४ मध्ये झाला, नोएडाच्या उंच इमारतींत एकामागून एक अपघात झाल्यावर. आपल्याकडे तो आजोबांच्या काळापासून आहे. तरी आपल्या लिफ्टचं लायसन्स कुठे आहे हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असतं?

तिसरं दार अग्निशमन दलाचं. त्याबद्दल पुढे.

## चार मजल्यांच्या इमारतीला लिफ्ट का नसते?

कारण नियम मजले मोजत नाही, उंची मोजतो. साधारण १५ मीटरपेक्षा उंच इमारतीला किमान एक लिफ्ट आणि २४ मीटरपेक्षा उंच इमारतीला किमान दोन, असं आपल्या नियमांचं सूत्र आहे. दोन का, तर एक बंद पडली तरी आठव्या मजल्यावरच्या माणसाला वाट असावी म्हणून. दुसरी लिफ्ट वीज वाचवायची म्हणून कायम बंद ठेवणाऱ्या सोसायट्या हा हेतूच मोडतात.

पण १५ मीटरच्या आत बसणारी तळमजला अधिक तीन-चार मजल्यांची इमारत लिफ्टशिवाय उभी राहू शकत होती. पुणे, डोंबिवली, नाशिक, सांगली, कुठेही जा, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. तेव्हा तिशीत फ्लॅट घेतलेली जोडपी आता सत्तरीत आहेत. गुडघे गेले, की चौथा मजला म्हणजे घरात नजरकैद. दूध, औषधं, भाजी वर येते. माणूस खाली येत नाही. याला नियमभंग म्हणता येत नाही, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. माझ्या मते लिफ्टच्या नियमांतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

अशा इमारतीला नंतर लिफ्ट जोडता येते. त्यासाठी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, पालिकेची परवानगी, आणि अग्निशमन गाडीच्या वाटेचा विचार लागतो. पण इथे एक फसगत होते. जागा नसल्यामुळे लिफ्ट बहुधा जिन्याच्या बाहेरच्या बाजूला उभी करतात आणि तिचं दार दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर उघडतं. म्हणजे लिफ्टमधून उतरल्यावर घरापर्यंत आठ-नऊ पायऱ्या उरतातच. काठी घेऊन चालणाऱ्याला थोडा दिलासा मिळतो, व्हीलचेअरवरच्या माणसाला काहीच नाही. लाखो रुपये घालण्याआधी आर्किटेक्टला पहिला प्रश्न हाच विचारा: दार मजल्याच्या पातळीत उघडेल का? गॅलरीच्या बाजूने किंवा पॅसेजच्या टोकाला जागा निघते का, हे एकदा तरी तपासून घ्या.

## लिफ्ट आहे, मग सुगम्यतेचं वेगळं काय?

लिफ्टमध्ये ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ अशी पाटी आपण रोज वाचतो. माणशी ६८ किलो धरून हा हिशेब केलेला असतो. पण वजनाबरोबर मापंही ठरतात. भारतीय मानकात चार माणसांच्या केबिनची खोली ७०० मिलिमीटर आहे, म्हणजे जेमतेम सव्वादोन फूट. सहा माणसांची केबिन ११०० बाय १००० आणि दार ७०० मिलिमीटर. पाय टेकवायच्या पट्ट्यांसकट व्हीलचेअर मीटरभराहून लांब असते, आणि तिची रुंदी दारातून जाईल न जाईल अशी. सोबत ढकलणारं माणूस वेगळंच.

म्हणून राष्ट्रीय बांधकाम संहितेत (इमारतींसाठीच्या देशपातळीवरच्या मानकांत) सुगम्य लिफ्ट म्हणून १३ माणसांची लिफ्ट सुचवली आहे: आत २००० बाय ११०० मिलिमीटर, दार ९०० मिलिमीटर. लिफ्टसमोर १८०० बाय १८०० मिलिमीटर मोकळी जागा, म्हणजे चाकाची खुर्ची वळवता येते. आतल्या बटणांच्या जवळ, जमिनीपासून ८०० ते १००० मिलिमीटर उंचीवर धरायला दांडी. मजला सांगणारा आवाज. आपोआप लागणारं दार निदान पाच सेकंद उघडं राहिलं पाहिजे आणि लागताना सेकंदाला पाव मीटरपेक्षा जास्त वेगाने येता कामा नये. बटणांवर ब्रेल असावी आणि ती बसलेल्या माणसाच्या हाताला लागावीत.

या यादीतल्या कितीतरी गोष्टी सुरक्षेच्याच आहेत हे लक्षात येईल. दार सावकाश लागलं तर आजींचा हात वाचतो आणि शाळेतून आलेल्या मुलाचं दप्तरही. केबिन मजल्याच्या बरोबर पातळीत थांबली तर व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं अडत नाहीत आणि तुमचं-आमचं पाऊलही अडखळत नाही. चांगल्या लिफ्टमध्ये हा फरक दहा मिलिमीटरच्या आत राहतो. तुमची लिफ्ट दोन बोटं वर किंवा खाली थांबत असेल तर ती ‘जुनी झाली’ म्हणून सोडून देऊ नका. ब्रेक किंवा नियंत्रण व्यवस्थेत काहीतरी बिघडल्याची ती खूण असू शकते.

आणि लिफ्टपर्यंत पोहोचायला जर तीन पायऱ्या असतील, तर आतल्या ब्रेलचा उपयोग काय? आपल्याकडे पावसाच्या पाण्यासाठी जोतं उंच घेतात, त्यात लिफ्टचा तळमजला तीन-चार पायऱ्या वर जातो. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार, हे रॅम्पचं सर्वमान्य प्रमाण. दुचाकी चढवण्यासाठी घातलेला तिरका सिमेंटचा थर म्हणजे रॅम्प नव्हे.

## ‘आमच्या इमारतीत अपंग कुणी नाही’

हे वाक्य जवळजवळ प्रत्येक सभेत ऐकू येतं. पाय मोडून प्लास्टर लागलेला तरुण, आठवा महिना लागलेली सून, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका, केमोथेरपीहून परतणारी शेजारीण: हे सगळे त्याच इमारतीत असतात. ॲम्ब्युलन्सचे लोक स्ट्रेचर घेऊन येतात आणि लिफ्टमध्ये ते आडवं मावत नाही, म्हणून रुग्णाला खुर्चीत बसवून किंवा चादरीत उचलून जिन्याने उतरवतात. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसासाठी ती मिनिटं फार महाग असतात.

कायद्याची बाजूही आता स्पष्ट होत चालली आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आस्थापनेला बांधकामाची परवानगी आणि वापर परवाना मिळू नये. आस्थापनेच्या व्याख्येत खासगी कंपन्यांबरोबर सहकारी संस्थाही येतात. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला त्याने पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. सुगम्यतेची मापं केवळ शिफारस म्हणून ठेवणं कायद्याच्या विरुद्ध आहे, किमान अटी सक्तीच्या करा, असा आदेश केंद्राला दिला. सार्वजनिक इमारतींच्या तुलनेत जुन्या गृहसंस्थांवर कायद्याचा हात अजून सैल आहे हे खरं. पण पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीने बिल्डरच्या नकाशावर सही करण्याआधी लिफ्टच्या दाराची रुंदी आणि केबिनची मापं लिहून घ्यावीत. नंतर भिंत पाडून लिफ्ट मोठी करता येत नाही.

इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. घरकामाच्या बाईंना, डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना ‘ही लिफ्ट तुमच्यासाठी नाही’ असं सांगणाऱ्या पाट्या आजही दिसतात. दुसरी लिफ्ट बंद असेल तर पाठीवर पंधरा किलो घेऊन त्याने बाराव्या मजल्यावर जिन्याने जायचं. मापं सुधारून हा अडसर जाणार नाही, पाटी काढावी लागेल.

## ‘आम्ही तळमजल्यावर राहतो, पैसे का द्यायचे?’

या प्रश्नाचं उत्तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सरळ दिलं आहे. लिफ्टची दुरुस्ती, देखभाल आणि ती चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सदस्यांनी समान वाटून घ्यायचा, मग कुणी ती वापरो वा न वापरो. क्षेत्रफळाप्रमाणे नाही, मजल्याप्रमाणेही नाही. तळमजल्याच्या सदस्याची तक्रार मनाला पटण्यासारखी वाटते, पण गच्चीवरची टाकी आणि मोबाइलचा टॉवरही मग असेच वाटून घ्यावे लागतील. ज्या इमारतीत लिफ्ट नाही त्या इमारतीतल्या सदस्यांवर मात्र हा भार टाकता येत नाही.

पैसे कुठे वाचवायचे नाहीत, हेही सांगतो. वार्षिक देखभालीचा करार दोन प्रकारचा असतो. एकात फक्त सर्व्हिसिंग येतं, सुटे भाग वेगळ्या पैशांनी. दुसऱ्यात बहुतेक भागही येतात. पहिला स्वस्त दिसतो, आणि भाग बदलायची वेळ आली की समिती ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणते. करार कुठलाही घ्या, त्यातून काय वगळलं आहे तो परिच्छेद वाचा. दोर, मोटर आणि कंट्रोलर बहुधा तिथेच सापडतात.

## अडकलो तर काय करायचं?

श्वास कोंडणार नाही. केबिनला हवेसाठी झरोके ठेवावेच लागतात, ती हवाबंद नसते. अलार्म दाबा, इंटरकॉमवर बोला, आणि थांबा. ‘एआरडी’ (आपोआप सुटका करणारं यंत्र) असेल तर वीज गेल्यावर बॅटरीवर केबिन जवळच्या मजल्यावर जाऊन दार उघडेल. तुमच्या लिफ्टला हे यंत्र आहे पण बॅटरी मेलेली आहे, असं फार ठिकाणी असतं. महिन्यातून एकदा मुख्य स्विच बंद करून ते तपासायला सांगा.

सगळ्यात धोक्याची वेळ सुटकेची असते. केबिन मजल्यापेक्षा तीन-चार फूट वर थांबली आहे, कुणीतरी दार उघडलं, आणि आतला माणूस बसून पाय खाली सोडून घसरतो. त्याच्या पायांखाली मजला आहे, पण पाठीमागे, केबिनच्या तळाखाली, लिफ्टचा उघडा खड्डा आहे. तोल मागे गेला की तो त्यात जातो. नव्या लिफ्टमध्ये केबिनच्या उंबऱ्याखाली पाऊण मीटरचा पत्रा लावतात तो याचसाठी; जुन्यांत तो आखूड असतो किंवा नसतोच. म्हणून नियम असा: तंत्रज्ञाने किंवा अग्निशमन दलाने आधी मुख्य वीज बंद करायची, केबिन हाताने मजल्याच्या पातळीत आणायची, मगच दार उघडायचं. उत्साही शेजाऱ्यांना हे कुणीतरी ठामपणे सांगावं लागतं.

## आगीत लिफ्ट वापरू नका, मग ‘फायर लिफ्ट’ कशाला?

लिफ्टची विहीर आगीत धुराड्याचं काम करते, धूर तिच्यातून वर चढतो. शिवाय वीज गेली की तुम्ही त्या धुरात अडकता. म्हणून रहिवाशांनी जिन्यानेच उतरायचं. फायर लिफ्ट जवानांसाठी असते. तिची क्षमता किमान आठ माणसांची, ५४५ किलोची, वीजपुरवठा वेगळा, आणि तळमजल्यापासून सगळ्यात वरच्या मजल्यावर एका मिनिटात पोहोचण्याइतका वेग. खाली एक स्विच असतो, तो दाबला की लिफ्ट सरळ तळमजल्यावर येते आणि तिचा ताबा जवानांकडे जातो. तुमच्या इमारतीत तो काचेमागे असेल. काचेवर पत्रकं चिकटवलेली नाहीत ना, ते बघा. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घेऊन अग्निशमन दलाला द्यावं लागतं. त्या तपासणीच्या दिवशी फायर लिफ्टचा स्विच समोर दाबून दाखवायला सांगा.

आता व्हीलचेअरवरच्या माणसाने आगीत काय करायचं? उंच इमारतींत आश्रय मजला असतो, तिथे पोहोचून थांबायचं, आणि जवानांनी फायर लिफ्टने आणायचं. त्यासाठी कुठल्या घरात कोण आहे ही यादी सुरक्षा केबिनमध्ये हवी. बहुतेक इमारतींत ती नसते. एका कागदाचं काम आहे, या आठवड्यात होऊ शकतं.

## अपघात झालाच तर

जखमीला दवाखान्यात नेल्यावर पहिलं काम लिफ्टची वीज बंद करून सगळ्या मजल्यांवर पाट्या लावणं. मग निरीक्षकाला कळवायचं; तो लेखी परवानगी देईपर्यंत लिफ्ट चालू करायची नाही. रहिवाशांचा दबाव येतो, मेकॅनिक ‘साहेब, आता ठीक आहे’ म्हणतो, आणि रात्रीतून भाग बदलले जातात. त्याने पुरावा जातो, खरं कारण कळत नाही, आणि भरपाईचा दावा कमकुवत होतो. बदललेला प्रत्येक भाग, मोडकं इंटरलॉक असलं तरी, पिशवीत घालून तारीख टाकून सोसायटीच्या कपाटात ठेवा, आणि लॉगबुकची मागच्या वर्षभराची पानं त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून सगळ्या समिती सदस्यांना पाठवून द्या.